फुटबॉलची बदली झाली आणि लॅक्रॉसचं घर मोडलं

16 ऑक्टोबर 2023 ला मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक भरली होती. क्रिकेट 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये येणार, हे त्या दिवशी पक्कं झालं आणि आपल्याकडे सगळ्या पेपरांनी तो मथळा केला. क्रिकेटबरोबर आणखी चार खेळ होते: बेसबॉल-सॉफ्टबॉल, फ्लॅग फुटबॉल, स्क्वॉश आणि लॅक्रॉस. शेवटचं नाव आपण बहुतेकांनी वाचून सोडून दिलं. मीही दिलं असतं, पण माझी भाची कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते आणि शाळेच्या संघातून लॅक्रॉस खेळते. तिने त्याआधीच, सप्टेंबरच्या सुरुवातीला, रडवेल्या आवाजात फोन केला होता. "मावशी, पॅक-12 संपली. आता कॅलवाल्या कुठे खेळणार?"

मला यातला एकही शब्द कळला नव्हता. पॅक-12 काय, कॅल काय. (कॅल म्हणजे बर्कलेची युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, एवढं पुढच्या पाच मिनिटांत समजलं.) मग मी खोदत गेले. हाती जे लागलं त्यात खेळ थोडा निघाला आणि घराच्या वाटण्याच फार. ऑलिंपिक ज्या किनाऱ्यावर होणार, त्याच किनाऱ्यावरची महिला कॉलेज लॅक्रॉसची मोठी कॉन्फरन्स (म्हणजे विद्यापीठांचा गट, हीच ती पॅक-12) ऑलिंपिकचा शिक्का मिळायच्या दीड महिना आधी मोडून पडली होती, आणि मोडताना त्या खेळाला कुणी काही विचारलं नव्हतं.

आधी खेळ. एका बाजूला बारा मुली, त्यात एक गोलकीपर. प्रत्येकीच्या हातात टोकाला जाळीची पिशवी असलेली काठी. पिवळा, भरीव रबरी चेंडू त्या पिशवीत झेलायचा, पळायचं, पास करायचा आणि सहा फूट बाय सहा फुटांच्या गोलात मारायचा. मूळ खेळ उत्तर अमेरिकेतल्या हौदेनोशोनी आणि इतर मूळनिवासी लोकांचा, शेकडो वर्षांचा. पुरुषांच्या लॅक्रॉसमध्ये हेल्मेट, पॅड आणि सरळ धडका. बायकांच्या खेळात अंगावर जाऊन धडकायला बंदी, म्हणून डोळ्यांवर तारांचा चष्मा आणि तोंडात माउथगार्ड एवढ्यावर भागतं. कॉलेजात पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रं असतात. ही पद्धत 2022 पासूनची, त्याआधी दोनच सत्रं असायची.

खेळात बघण्यासारखा क्षण कोणता म्हणाल तर 'ड्रॉ'. मैदानाच्या मधोमध दोघी समोरासमोर उभ्या राहतात. काठ्या कमरेच्या वर आडव्या धरलेल्या, दोन्ही जाळ्या पाठीला पाठ लावून. अंपायर त्या दोन पाठींच्या मध्ये चेंडू ठेवते आणि हळूच मागे सरकते. आता कुणी हलायचं नाही. तुम्ही नुसत्या मनगटांकडे बघा, शिरा ताणलेल्या दिसतात. शिट्टी झाली की दोघी एकदम काठ्या वर ओढतात, चेंडू डोक्यांच्या वर उडतो आणि आजूबाजूच्या मुली त्याखाली धावतात. प्रत्येक गोलनंतर पुन्हा हेच. म्हणजे गोल खाल्ला की चेंडू आपोआप तुमच्याकडे येत नाही, तो परत जिंकून घ्यावा लागतो. एखादी मुलगी ड्रॉमध्ये तरबेज असेल तर तो संघ लागोपाठ पाच-सहा गोल करून जातो आणि समोरच्यांच्या हाताला चेंडू लागत नाही. भाचीने मला हे अंगणात स्वयंपाकघरातले दोन झारे घेऊन करून दाखवलं. माझा झारा वाकला.

आता कॉन्फरन्स. अमेरिकेत कॉलेजांच्या खेळांवर एनसीएए नावाची राष्ट्रीय संस्था असते. पण वर्षभराचे सामने कोण कोणाशी खेळणार, हे ठरतं कॉन्फरन्समध्ये. कॉन्फरन्स म्हणजे काही विद्यापीठांनी एकत्र येऊन केलेला गट. आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांचे विभाग डोळ्यांसमोर आणू नका, ते नकाशावरून पडतात. कॉन्फरन्स राजीखुशीची असते: तुम्ही अर्ज करता, बाकीचे मतदान करून घेतात. सोडायचं असेल तर सोडूनही जाता. नकाशाशी नातं सैल असण्याची सवय आपल्याला आहेच म्हणा. रणजीत आपल्या एका राज्याचे मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पण अमेरिकन कॉलेजांनी हा सैलपणा जिथवर नेलाय, तिथे रणजी अगदी शिस्तीची वाटायला लागते.

कॉन्फरन्समध्ये असण्याचे फायदे कळले की पुढचं सगळं कळतं. सामन्यांचं वेळापत्रक आयतं मिळतं, टीव्हीचे पैसे वाटून मिळतात. पण लॅक्रॉससारख्या खेळाला सगळ्यांत मोलाचं म्हणजे हक्काची जागा. मे महिन्यात राष्ट्रीय स्पर्धा होते, अलीकडे तिच्यात 29 संघ असतात. कॉन्फरन्स जिंकणाऱ्या संघाला तिथे थेट प्रवेश असतो. उरलेल्या जागा निवड समिती कामगिरी बघून वाटते, आणि तिथे तुम्ही कोणाशी खेळलात याला फार वजन असतं. दुबळ्या संघांना पन्नास गोलांनी हरवलं तरी उपयोग नाही.

ही हक्काची जागा मिळायला कॉन्फरन्समध्ये तो खेळ खेळणारे किमान सहा संघ लागतात. पाच झाले की काही काळाची सवलत मिळते, मग हक्क जातो. या लेखातलं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण हा सहाचा आकडा धरून ठेवा. महिला लॅक्रॉसमधली निम्मी ये-जा या एका आकड्यापायी होते.

पॅक-12 ही पश्चिम किनाऱ्याची जुनी, मानाची कॉन्फरन्स. तिची मुळं 1915 पर्यंत जातात. नावाप्रमाणे बारा विद्यापीठं. पण त्यातल्या सहांकडेच महिला लॅक्रॉसचा अधिकृत संघ होता: स्टॅनफर्ड, कॅल, ऑरेगन, युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया म्हणजे यूएससी, कोलोराडो आणि अॅरिझोना स्टेट. मोजून सहा. त्याआधी यातले बरेच संघ माउंटन पॅसिफिक नावाच्या फेडरेशनमध्ये खेळत. ज्यांच्या मूळ कॉन्फरन्समध्ये आपला खेळ नाही अशांची ती धर्मशाळाच. यूएससीने 2013 मध्ये संघ उभा केला, कोलोराडोने 2014 मध्ये, आणि 2018 मध्ये अॅरिझोना स्टेट उतरली तेव्हा सहाचा आकडा भरला. त्याच वर्षी पॅक-12 ची स्वतःची महिला लॅक्रॉस स्पर्धा सुरू झाली. पोरींना स्वतःचं घर मिळालं.

इथे एक गंमत आहे. या सहापैकी एकाही विद्यापीठात पुरुष लॅक्रॉसचा अधिकृत संघ नव्हता. मुलगे क्लब म्हणून आपापल्या खर्चाने खेळतात. मुलींना संघ आहे आणि मुलांना नाही, हे आपल्याकडे ऐकायला मिळणार नाही. याचं कारण 1972 चा 'टायटल नाइन' कायदा. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला खेळातही मुलींना बरोबरीची संधी द्यावी लागते. आता कॉलेजच्या फुटबॉल संघात (त्यांचा फुटबॉल, हेल्मेटवाला) शंभराच्या आसपास मुलगे असतात. तेवढ्या मुली दुसऱ्या पारड्यात टाकायच्या तर तीस-पस्तीस जणींचा मोठा संघ लागणारा खेळ बरा पडतो. लॅक्रॉस त्यात नेमकं बसतं. म्हणजे पश्चिमेत या खेळाचं जे रोप लागलं त्याला पाणी एका अर्थी फुटबॉलच्या पाटातूनच आलं. पुढे तोच पाट वळला.

फुटबॉलचे पैसे टीव्हीचे. ऑगस्ट 2022 मध्ये मध्यपश्चिमेच्या बिग टेन या कॉन्फरन्सने तीन वाहिन्यांशी सात वर्षांचा करार केला, सात अब्ज डॉलरच्या वरचा. त्याच्या थोडं आधी, 30 जून 2022 ला, यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या दोघांनी पॅक-12 सोडून बिग टेनमध्ये जात असल्याचं जाहीर केलं होतं. लॉस एंजेलिसची बाजारपेठ गेल्यावर पॅक-12 ला टीव्हीवाल्यांकडून मनासारखा भाव मिळेना. वर्षभर बोलणी चालली. शेवटी अॅपलचा ऑनलाइन प्रक्षेपणाचा प्रस्ताव टेबलावर आला, त्यातली कमाई किती लोक वर्गणी भरतील यावर अवलंबून. जुलै 2023 च्या अखेरीस कोलोराडो बिग 12 या आणखी एका कॉन्फरन्समध्ये गेली. 4 ऑगस्टला एकाच दिवशी ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनकडे, तर अॅरिझोना, अॅरिझोना स्टेट आणि युटा बिग 12 कडे. उरल्या चार. त्यातल्या स्टॅनफर्ड आणि कॅलला 1 सप्टेंबरला अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने, एसीसीने, घेतलं. प्रशांत महासागराच्या काठावरची दोन विद्यापीठं अटलांटिक किनाऱ्याच्या गटात! तेही पडेल भावात: पहिली सात वर्षं त्यांना टीव्हीच्या वाट्यातला साधारण 30 टक्केच हिस्सा. दारात उभ्या असलेल्याने भाव करायचा नसतो.

आता या सगळ्या तारखांमध्ये लॅक्रॉस शोधा. सापडणार नाही. ज्या बैठकांमध्ये हे ठरलं तिथे विषय फुटबॉलचा होता, तोंडी लावायला बास्केटबॉल. पण विद्यापीठ कॉन्फरन्स बदलतं तेव्हा त्याचे बहुतेक सगळे खेळ मागोमाग जातात. माझे वडील बँकेत होते, दर तीन वर्षांनी बदली. बदलीचा कागद वडिलांच्या नावाचा यायचा आणि शाळा माझी बदलायची. नवीन गावात मराठी माध्यम आहे का, आठवी अ मध्ये जागा आहे का, हे प्रश्न कागद आल्यानंतरचे. पॅक-12 च्या लॅक्रॉसवाल्या मुलींचं नेमकं हेच झालं. फुटबॉलच्या नावाने कागद निघाला.

वाटणी मात्र अशी काही झाली की कुणी हिशोबाला बसूनही इतकी तंतोतंत करू शकलं नसतं. सहा संघ: दोन बिग टेनमध्ये (यूएससी, ऑरेगन), दोन एसीसीमध्ये (स्टॅनफर्ड, कॅल), दोन बिग 12 मध्ये (कोलोराडो, अॅरिझोना स्टेट). 2024 चा हंगाम शेवटचा. मध्ये 2020 चा हंगाम कोविडने अर्ध्यात बुडवला होता. म्हणजे नीट पार पडलेले हंगाम धरले तर त्या घरात मुली राहिल्या सहाच वर्षं.

पुढे काय झालं ते तिन्ही ठिकाणी वेगळं.

एसीसीत गेलेल्या दोघी एकदम आखाड्याच्या मधोमध पडल्या. महिला लॅक्रॉसमध्ये यापेक्षा अवघड जागा नाही. नॉर्थ कॅरोलायना, बॉस्टन कॉलेज, सिरॅक्यूज, व्हर्जिनिया, ड्यूक, नोत्र दाम अशी सगळी तिथे. 2021 पासून 2025 पर्यंतच्या पाच राष्ट्रीय विजेतेपदांपैकी चार एसीसीच्या घरात गेली: बॉस्टन कॉलेजची 2021 आणि 2024 ची, नॉर्थ कॅरोलायनाची 2022 आणि 2025 ची, आणि नॉर्थ कॅरोलायना दोन्ही वेळा एकही सामना न हरता. स्टॅनफर्ड आणि कॅल धरून तिथे आता बारा संघ आहेत.

बिग टेनमध्ये मेरीलँड आणि नॉर्थवेस्टर्न हे दोन मातब्बर. तिथल्या अठरा विद्यापीठांपैकी (हो, नाव टेन, सभासद अठरा) आठांकडे महिला लॅक्रॉस आहे. नववा संघ जॉन्स हॉपकिन्सचा, तो फक्त लॅक्रॉसपुरता बिग टेनमध्ये. याला ते 'अफिलिएट' म्हणतात, मी पेइंग गेस्ट म्हणते. हॉपकिन्सचे बाकीचे खेळ एनसीएएच्या तिसऱ्या श्रेणीत, छोट्या कॉलेजांबरोबर. लॅक्रॉस मात्र पहिल्या श्रेणीत, कारण बॉल्टिमोरमध्ये लॅक्रॉस म्हणजे कोल्हापुरात कुस्ती.

खरी कसरत बिग 12 ची. कोलोराडो आणि अॅरिझोना स्टेट आल्या, सिनसिनाटीकडे संघ होता. झाले तीन. सोळा विद्यापीठांच्या घरात महिला लॅक्रॉस खेळणाऱ्या तिघीच. हक्काच्या जागेला सहा हवेत. मग बिग 12 ने तीन पेइंग गेस्ट ठेवल्या: फ्लोरिडा, सॅन डिएगो स्टेट आणि यूसी डेव्हिस. 2025 च्या हंगामापासून बिग 12 ची महिला लॅक्रॉस सुरू झाली, पुन्हा बरोब्बर सहांवर. फ्लोरिडातलं गेन्सव्हिल आणि कॅलिफोर्नियातलं डेव्हिस यांच्यात जवळजवळ चार हजार किलोमीटरचं अंतर, आणि हा म्हणे एक गट. पण हसण्यावारी नेऊ नका. या सहापैकी एकीने जरी उद्या नाद सोडला तरी बाकीच्या पाचांच्या हक्काच्या जागेवर गदा येते, म्हणून सगळ्या एकमेकींना धरून आहेत. पहिल्याच वर्षी फ्लोरिडा राष्ट्रीय उपांत्य फेरीत गेली. तिथे नॉर्थ कॅरोलायनाने तिला 20-4 असं झोडपलं, ते सोडा.

फ्लोरिडाचीच कथा सांगायची तर तिच्यात या सगळ्या विषयाचं सार आहे. फ्लोरिडाचे फुटबॉल, बास्केटबॉल वगैरे एसईसी या दक्षिणेच्या बलाढ्य कॉन्फरन्समध्ये. पण एसईसीत लॅक्रॉस नाही. तिथे लॅक्रॉस खेळणाऱ्या दोघीच, फ्लोरिडा आणि व्हँडरबिल्ट, आणि दोघींचा गट होत नाही. म्हणून फ्लोरिडाच्या मुलींनी 2010 पासून आजवर सतत भाड्याच्या घरात दिवस काढले. सुरुवातीला अमेरिकन लॅक्रॉस कॉन्फरन्स, 2015 ला बिग ईस्ट, 2019 ला अमेरिकन अॅथलेटिक, 2025 ला बिग 12. चार पत्ते. प्रशिक्षक मात्र पहिल्या दिवसापासून एकच, अमांडा ओ'लिअरी.

त्यातलं पहिलं घर, अमेरिकन लॅक्रॉस कॉन्फरन्स, मला या सगळ्यात जास्त आवडलं. कारण ते फक्त महिला लॅक्रॉससाठी बांधलेलं होतं. फुटबॉल नाही, काही नाही. या शतकाच्या सुरुवातीला ज्या मोठ्या विद्यापीठांच्या मूळ कॉन्फरन्समध्ये लॅक्रॉस नव्हतं, त्यांनी एकत्र येऊन ते उभं केलं. नॉर्थवेस्टर्न, ओहायो स्टेट, पेन स्टेट, जॉन्स हॉपकिन्स, व्हँडरबिल्ट, नंतर फ्लोरिडा, शेवटी मिशिगन.

नॉर्थवेस्टर्नने आपला संघ 1992 मध्ये बंद करून टाकला होता. 2002 मध्ये तो पुन्हा सुरू झाला तेव्हा प्रशिक्षक केली अमॉन्टे हिलर यांच्याकडे पुरेशा खेळाडूही नव्हत्या. कॅम्पसवर दोन जुळ्या बहिणी धावताना दिसल्या, अंगकाठी खेळाडूची वाटली, म्हणून त्यांना थांबवून लॅक्रॉस खेळणार का असं विचारलं, आणि त्या आल्या. हा संघ शिकागोजवळचा, म्हणजे लॅक्रॉसच्या माहेरापासून, पूर्व किनाऱ्यापासून, चांगलाच लांब. या संघाने 2005 ते 2009 सलग पाच राष्ट्रीय विजेतेपदं घेतली, मग 2011 आणि 2012 ची. नंतर यूएससी, कोलोराडो आणि स्टॅनफर्डला प्रशिक्षक म्हणून गेलेल्या तिघीही केलींच्या हाताखाली नॉर्थवेस्टर्नला खेळलेल्या. पॅक-12 चं लॅक्रॉस म्हणजे एका अर्थी या घराण्याची शाखा.

पण हे घरही फुटबॉलनेच पाडलं. नोव्हेंबर 2012 मध्ये मेरीलँड आणि रटगर्स यांनी बिग टेनमध्ये जायचं ठरवलं. हेतू वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कच्या टीव्ही बाजारपेठा. मेरीलँड म्हणजे महिला लॅक्रॉसची मोठी माउली, 1995 ते 2001 सलग सात विजेतेपदं घेतलेली. ती आली तशी बिग टेनमध्ये सहा लॅक्रॉस संघ झाले: मेरीलँड, रटगर्स, नॉर्थवेस्टर्न, ओहायो स्टेट, पेन स्टेट, मिशिगन. पुन्हा सहा! बिग टेनने 2015 पासून आपलं लॅक्रॉस सुरू केलं, चार जणी मूळ घरी परतल्या आणि 2014 च्या हंगामानंतर अमेरिकन लॅक्रॉस कॉन्फरन्सला टाळं लागलं. फ्लोरिडा आणि व्हँडरबिल्ट बिग ईस्टकडे गेल्या. हॉपकिन्सच्या मुली दोन हंगाम कुठल्याच गटात नव्हत्या, मग 2017 ला बिग टेनमध्ये पेइंग गेस्ट म्हणून आल्या. एकाच्या घरभरणीला दुसऱ्याचं घर रिकामं होतं, हा या धंद्याचा नियमच दिसतो.

जाणाऱ्याला निरोप कसा दिला जातो तेही बघा. व्हर्जिनियातली जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटी. 2018 मध्ये तिने बॉस्टन कॉलेजला 16-15 असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं, ही अगदी छप्पर फाडून आलेली कामगिरी. तीन वर्षांनी तिच्या फुटबॉल संघाला वरच्या श्रेणीत जायचं होतं, म्हणून नोव्हेंबर 2021 मध्ये विद्यापीठाने कॉन्फरन्स बदलायचं जाहीर केलं. जुन्या कॉन्फरन्सच्या नियमावलीत कलम होतं: सोडून जाणाऱ्याला तिथल्या विजेतेपदाच्या स्पर्धांत खेळता येणार नाही. ते कलम लावलं गेलं, आणि 2022 च्या वसंतात लॅक्रॉसच्या मुलींना त्या स्पर्धेला मुकावं लागलं. हक्काच्या जागेची वाट बंद. निघायचं फुटबॉलने ठरवलं, दंड मुलींनी भरला. त्यातही नवीन कॉन्फरन्समध्ये महिला लॅक्रॉस नव्हतंच, म्हणून पुढच्या वर्षापासून त्या अमेरिकन अॅथलेटिककडे पेइंग गेस्ट म्हणून गेल्या.

मग या ये-जा करण्यात मुलींच्या वाट्याला नक्की काय येतं? आधी प्रवास. बर्कले आणि स्टॅनफर्ड यांच्यात साठेक किलोमीटर आहेत, पुणे-लोणावळा समजा. बर्कले ते बॉस्टन सुमारे 4,300 किलोमीटर, मुंबई-कोलकाता विमानाच्या अंतराच्या अडीच पटीहून जास्त, आणि घड्याळात तीन तासांचा फरक. फुटबॉलचा संघ खास विमानाने जातो आणि हंगामात त्याचे सामने बारा-तेरा. लॅक्रॉसचा हंगाम फेब्रुवारीपासून मेपर्यंत, सामने सतरा-अठरा, आणि विमान साधं, तिकीट काढून बसायचं. समजा शनिवारी दुपारी बॉस्टनला सामना आहे. गुरुवारी सकाळचा तास बुडवून निघायचं, शुक्रवारी सराव, शनिवारी सामना, रविवारी परत, सोमवारी सकाळी प्रयोगशाळा. आणि यातल्या बहुतेकींना खेळातून पोट भरायचं नाही. अमेरिकेत महिला लॅक्रॉसमधून घर चालेल असे पैसे मिळत नाहीत, कॉलेजनंतर त्या नोकरीला लागतात. त्यामुळे ती सोमवारची प्रयोगशाळाच खरी.

शिष्यवृत्तीचंही आपल्याकडे फार मोठं चित्र रंगवतात. कित्येक वर्षं पहिल्या श्रेणीच्या महिला लॅक्रॉस संघाला मिळून बाराच पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत, आणि त्या तीसेक जणींत तुकडे करून वाटत. कुणाला निम्मी फी, कुणाला पुस्तकांपुरती. जून 2025 मध्ये न्यायालयाने एका मोठ्या दाव्यातली तडजोड मंजूर केली आणि हे गणित बदललं. ती तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना शिष्यवृत्त्यांच्या संख्येवर बंधन राहिलं नाही, त्याऐवजी संघात किती जणी हे बांधलं, लॅक्रॉसला 38. पण त्याच तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे द्यायचीही मुभा दिली, पहिल्या वर्षी साडेवीस दशलक्ष डॉलरपर्यंत. त्यातला सिंहाचा वाटा कुणाच्या ताटात पडतो ते तुम्ही आता सांगू शकाल.

नवीन घर लाभत नाहीच असंही नाही. निवड समिती तुम्ही कोणाशी खेळलात ते बघते, तेव्हा नॉर्थ कॅरोलायनाशी चार गोलांनी हरणं हे घरच्या मैदानावर दुबळ्या संघाला धुण्यापेक्षा कधीकधी कामाला येतं. पूर्वेच्या शाळांतल्या उत्तम खेळाडूंना कॅलिफोर्नियात बोलावतानाही सांगता येतं, की तुझे आई-बाबा तुझे सामने बघायला गाडीने येऊ शकतील, आम्हीच तिकडे येतोय. पण याचा लाभ स्टॅनफर्डला जितका, तितका सगळ्यांना नाही. कॅलने 2010 मध्ये पैशाचं कारण देऊन महिला लॅक्रॉस बंद करायचं जाहीर केलं होतं, माजी खेळाडू आणि पालकांच्या देणग्या आल्या तेव्हा काही महिन्यांनी निर्णय मागे घेतला. ज्या संघाने एकदा अशी टांगती तलवार पाहिली, त्याला विमानाच्या तिकिटांचा आकडा नुसता आकडा वाटत नाही. आणि फ्रेझ्नो स्टेट, जी पॅक-12 चं लॅक्रॉस सुरू झालं तेव्हा जुन्या फेडरेशनमध्ये मागे राहिलेल्यांपैकी एक, तिने ऑक्टोबर 2020 मध्ये कोविडकाळातल्या पैशाच्या चणचणीचं कारण देऊन संघ बंद केला. मुली टायटल नाइनखाली कोर्टात गेल्या. 2021 चा हंगाम त्यांचा शेवटचा ठरला.

पॅक-12 हे नाव अजून आहे. मागे राहिलेल्या ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेटने नवे सभासद गोळा करून ते 2026 पासून पुन्हा उभं करायचं ठरवलं. त्या नव्या घरात जुन्या सहापैकी एकही लॅक्रॉस संघ नाही.

ऑलिंपिकमध्ये लॅक्रॉस येतंय ते छोट्या रूपात, एका संघाकडून मैदानात सहाच खेळाडू. हे ऐकून मी भाचीला म्हटलं, तुमच्या खेळाला सहा आकडा फारच लागलाय. तिला विनोद कळला नाही, कारण कॉन्फरन्सच्या सहाचा नियम तिला ठाऊकच नव्हता. खेळणाऱ्यांना तो कुणी सांगत नाही.

गेल्या दिवाळीत सगळे व्हिडिओ कॉलवर होते. भाची आता अकरावीत, कॉलेजांची यादी काढत बसलीय, कॅल अजून यादीत वर. माझी बहीण फराळाची ताटली हातात धरून म्हणाली, "मला एवढंच सांग, सामना बॉस्टनला असेल तर ही परत कधी येणार? सोमवारी परीक्षा असली म्हणजे?" मी माझं सगळं ज्ञान पाजळायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून भाची ओरडली.

"आई, आपण बॉस्टन कधी बघितलंय तरी का!"